तुरुंगातील शब्बाथ शाळा
(डोरोथिया डिक्स यांची जीवनकथा)

घरात कोणाला ताप चढला तर आपण डॉक्टरांकडे धावतो. कोणाचा पाय मोडला तर दवाखान्याची वाट धरतो. पण घरातल्या एखाद्या माणसाचे मन एकाएकी बिघडले, रात्री-अपरात्री तो ओरडू लागला, भांडीकुंडी फेकू लागला, की शेजारची चार माणसे जमतात आणि पुष्कळदा पहिला सल्ला निघतो तो पोलिसांना बोलावण्याचा. आजार शरीराचा असो वा मनाचा, तो आजारच. तरी एका आजाऱ्याच्या दारी डॉक्टर येतो आणि दुसऱ्याच्या दारी शिपाई. हा भेद आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की त्यात काही वावगे आहे असे आपल्याला वाटतही नाही.

हा भेद ज्या बाईच्या मनाला खुपला, आणि खुपला म्हणून जिने पुढची चाळीस वर्षे तो मोडण्यात घालविली, तिची ही हकीकत आहे. ती राणी नव्हती, डॉक्टर नव्हती, श्रीमंत घराण्यात वाढलेलीही नव्हती. ती एक शाळेतली बाई होती, आणि तीही फुफ्फुसाच्या विकाराने खंगलेली. तिच्या कामाची सुरुवात झाली ती शब्बाथ शाळेच्या एका वर्गातून.

बालपण आणि शाळा

डोरोथिया लिंड डिक्स हिचा जन्म ४ एप्रिल १८०२ रोजी अमेरिकेत हॅम्पडेन या गावी झाला. हे गाव आज मेन राज्यात आहे. त्या काळी तो मुलूख मॅसॅच्युसेट्सचा भाग होता. वडील जोसेफ डिक्स हे मेथॉडिस्ट पंथाचे फिरते उपदेशक. गावोगाव उपदेश करीत ते फिरत आणि धार्मिक पत्रके विकीत. ती पत्रके शिवण्याचे काम लहानग्या डोरोथियाकडे असे. आई सदा आजारी, घरात पैशाची ओढ, आणि पाठीवर दोन लहान भाऊ. त्यांचे सारे करणे हिच्याच अंगावर पडे. आपल्याला बालपण असे लाभलेच नाही, असे ती पुढे सांगत असे.

बारा वर्षांची झाली तेव्हा ती घर सोडून बोस्टन शहरात आजीकडे गेली. आजी शिस्तीची कडक होती. प्रेमाचा शब्द तेथे क्वचितच मिळे, पण पुस्तके मिळाली आणि वळण लागले. पुढे वुस्टर या गावी एका नातेवाईक बाईकडे असताना, अवघ्या चौदाव्या वर्षी, तिने लहान मुलांची शाळा काढली. आपले वय मुलांच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून ती लांब बाह्यांचा, मोठ्या बायकांसारखा पोशाख करीत असे.

१८२१ साली तिने बोस्टनमध्ये आजीच्या वाड्यातच मुलींची शाळा सुरू केली. सुस्थितीतल्या घरच्या मुली फी देऊन येत. पण दारावरून जाणारी गरिबांची मुले पाहून तिला चैन पडेना. आजीची मनधरणी करून तिने वाड्याच्या गाडीखान्यावरच्या जागेत त्यांच्यासाठी फुकट वर्ग उघडला. पहाटे उठायचे, दिवसभर दोन्ही शाळा चालवायच्या, रात्री दिव्यापाशी लिहीत बसायचे, असा तिचा क्रम होता. १८२४ साली तिने मुलांसाठी साध्यासुध्या वस्तूंची माहिती देणारे एक पुस्तक प्रसिद्ध केले. ते पुढे कित्येक वर्षे शाळांतून चालले आणि त्याच्या साठ आवृत्त्या निघाल्या.

या श्रमांनी तिची प्रकृती ढासळत गेली. खोकला, छातीत दुखणे, रक्त पडणे हे वरचेवर होई. १८३६ साली ती अगदीच अंथरुणाला खिळली. शाळा बंद करावी लागली आणि हवापालटासाठी मित्रांनी तिला इंग्लंडला पाठविले. लिव्हरपूल येथे रॅथबोन नावाच्या सज्जन कुटुंबाने तिला आपल्या घरी वर्षाहून अधिक काळ ठेवून घेतले. परक्या देशात, परक्या घरात, आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी तिची सेवा केली. आजाऱ्याला औषधाइतकीच मायेची गरज असते, हा धडा ती तेथे स्वतःच्या अंगावर शिकली.

त्याच मुक्कामात तिला यॉर्क येथील रिट्रीट नावाच्या संस्थेची माहिती मिळाली. क्वेकर पंथाचे विल्यम ट्यूक यांनी मनोरुग्णांसाठी हे निवासस्थान काढले होते व १७९६ साली ते सुरू झाले. तेथे साखळदंड नव्हते, चाबूक नव्हता. रुग्णांना स्वच्छ खोल्या, मोकळी हवा, बागेतले काम आणि माणसासारखी वागणूक मिळे. त्या काळी लोकांची समजूत अशी की वेड लागलेला माणूस पशूसारखा असतो, त्याला धाकातच ठेवले पाहिजे. रिट्रीटने ती समजूत खोटी ठरविली होती. हे सारे डोरोथियाच्या मनात पडून राहिले.

ती इंग्लंडमध्ये असतानाच आजी वारली. आजीने तिच्या नावे बेताची रक्कम ठेवली होती. त्यामुळे मायदेशी परतल्यावर पोटासाठी काम करण्याची गरज उरली नाही. वय पस्तिशीचे, लग्न झालेले नाही, प्रकृती नाजूक. आता उरलेले दिवस वाचनात आणि प्रार्थनेत घालवावेत, असे कोणालाही वाटले असते.

२८ मार्च १८४१

बोस्टनजवळ ईस्ट केंब्रिज येथे एक तुरुंग होता. हार्वर्ड येथे धर्मशिक्षण घेणाऱ्या एका तरुणाकडे त्या तुरुंगातील स्त्री कैद्यांसाठी रविवारचा वर्ग घेण्याचे काम आले. बायकांना शिकविणे आपल्याला जमणार नाही, तेथे बाईमाणूसच हवे, असे त्याच्या ध्यानात आले. कोणा बाईचे नाव सुचवावे म्हणून तो डिक्सबाईंकडे गेला. त्यांनी थोडा विचार केला आणि आपण स्वतःच जाऊ, असे सांगितले. प्रकृतीचे कारण त्याने पुढे केले, पण त्यांनी ते ऐकले नाही.

त्याप्रमाणे २८ मार्च १८४१ रोजी, रविवारी, त्या तुरुंगात गेल्या. सुमारे वीस स्त्रिया वर्गाला होत्या. पवित्र शास्त्राचा पाठ झाला, प्रार्थना झाली. येथवर हा रविवार इतर कोणत्याही रविवारासारखाच होता. पण वर्ग आटोपल्यावर डिक्सबाई लगेच घरी परतल्या नाहीत. त्या तुरुंगात हिंडून पाहू लागल्या. कैद्यांबरोबर तेथे काही स्त्रिया अशा होत्या की त्यांनी कसलाच गुन्हा केलेला नव्हता. त्या मनाने आजारी होत्या, एवढाच त्यांचा अपराध. त्यांच्या कोठड्या घाणेरड्या होत्या आणि तेथे शेगडी नव्हती. मॅसॅच्युसेट्समध्ये मार्च महिन्यात कडाक्याची थंडी असते. येथे विस्तव का नाही, असे विचारताच तुरुंगाधिकाऱ्याने उत्तर दिले की वेड्यांना थंडी कळत नाही, आणि त्यांच्याजवळ विस्तव ठेवणे धोक्याचे असते.

हे उत्तर देणारा माणूस दुष्ट होता असे नाही. त्याला कैदी सांभाळण्याचे काम दिले होते. कुलूप, गज आणि पहारा ही त्याची साधने होती. आजारी माणूस त्याच्या हाती दिला तरी त्याने तीच साधने वापरली. दुसरे काही त्याला कोणी शिकविलेच नव्हते. पुढे सरकारकडे अर्ज करतानाही डिक्सबाईंनी हा मुद्दा मुद्दाम नमूद केला. आजाऱ्यांना कोंडून ठेवणारे बहुतेक लोक कठोर अंतःकरणाचे नसून अडाणी आहेत, त्यांच्यावर भलते काम सोपविले गेले आहे, असे त्यांचे म्हणणे होते. दोष माणसांपेक्षा व्यवस्थेत अधिक आहे, हे त्यांनी पहिल्या दिवसापासून ओळखले होते.

त्या रविवारी पाहिलेले त्यांनी तेथेच सोडले नाही. प्रकरण स्थानिक न्यायालयात नेले. वर्तमानपत्रातून चर्चा झाली, काही लोक बाईंवर चिडलेही. पण त्या कोठड्यांत उष्णता पोहोचविण्याची व्यवस्था झाली. बाईंचा पहिला विजय हा एवढाच होता.

वहीपेन्सिल घेऊन गावोगाव

एका तुरुंगात हे चालते, तर इतरत्र काय असेल? हा प्रश्न मनात येताच डिक्सबाई मॅसॅच्युसेट्सभर फिरू लागल्या. डॉक्टर सॅम्युएल हॉव हे अंधांच्या शिक्षणासाठी झटणारे गृहस्थ त्यांच्या पाठीशी होते. सुमारे दोन वर्षे बाईंनी गावोगावचे तुरुंग आणि गरीबखाने पाहिले. जे दिसे ते त्या वहीत टिपून ठेवीत: गाव कोणते, आजारी कोण, कोठे ठेवला आहे, अंगावर काय आहे, खायला काय मिळते.

त्या काळची व्यवस्था अशी होती. आजाऱ्याचे नातेवाईक गरीब असतील तर त्याचा खर्च गावाने सोसायचा. मग गाव काय करी? जो सर्वांत कमी पैशांत सांभाळ करील त्याच्या हवाली त्याला करी. आजारी अंगावर धावून येणारा असला की त्याची रवानगी तुरुंगात होई. वुस्टर येथे १८३३ साली सरकारी मनोरुग्णालय सुरू झाले होते, पण तेथे जागा थोडी आणि आजारी पुष्कळ. त्यामुळे बाईंना माणसे सापडली ती पिंजऱ्यांत, तळघरांत, फळ्यांच्या खोपटांत आणि गोठ्यांत. काही नागवी होती, काही साखळदंडाने बांधलेली, काहींना काठीने मारून गप्प बसविले जात होते. एका गावी त्यांना असा मनुष्य आढळला की ज्याचे पाय थंडीने गोठून निकामी झाले होते.

गरसेकरांच्या देशात थडग्यांमध्ये राहणाऱ्या मनुष्याची हकीकत आपल्याला ठाऊक आहे. त्यालाही गावकऱ्यांनी बेड्या आणि साखळ्या घालून पाहिल्या होत्या. अठराशे वर्षे लोटली, मंडळ्या स्थापन झाल्या, गावोगाव उपासनामंदिरे उभी राहिली, तरी त्याच मंदिरांपासून हाकेच्या अंतरावर त्याच साखळ्या वाजत होत्या. डिक्सबाईंना याची लाज वाटली. आपण ख्रिस्ती म्हणविणाऱ्या लोकांत हे घडते आहे, हे त्या विसरू शकल्या नाहीत.

जानेवारी १८४३ मध्ये त्यांनी हे सारे एका निवेदनात मांडून राज्याच्या विधिमंडळापुढे ठेवले. त्या काळी स्त्रीला मताचा हक्क नव्हता आणि विधिमंडळात उभे राहून बोलण्याचीही सोय नव्हती. म्हणून ते निवेदन डॉक्टर हॉव यांनी सभागृहात सादर केले. त्यात अलंकारिक भाषा थोडी आणि गावांची नावे पुष्कळ होती. अर्थातच गदारोळ उठला. नावे आलेल्या गावांचे कारभारी संतापले, हे सारे खोटे आहे असे ओरडू लागले. परंतु बाईंनी प्रत्येक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली होती. अखेर विधिमंडळाने वुस्टरचे रुग्णालय वाढविण्यास मंजुरी दिली.

राज्यामागून राज्य

मॅसॅच्युसेट्सचे काम झाल्यावर त्या शेजारच्या ऱ्होड आयलंड राज्यात गेल्या. तेथे लिटल कॉम्प्टन या गावी एब्रम सिमन्स नावाचा आजारी मनुष्य एका दगडी कोठडीत साखळीने जखडून ठेवला होता. कोठडीच्या भिंतींवर आतून बर्फ साचत असे. बाईंनी त्याची हकीकत वर्तमानपत्रात छापून आणली. मग त्या सायरस बटलर नावाच्या धनिकाला भेटल्या. हा गृहस्थ दानधर्मासाठी मुळीच प्रसिद्ध नव्हता. बाईंचे म्हणणे ऐकून त्याने चाळीस हजार डॉलर दिले. मात्र इतर लोकांनीही त्यात भर घातली पाहिजे अशी अट घातली. त्यातून प्रॉव्हिडन्स येथे बटलर रुग्णालय उभे राहिले, आणि ते आजही चालू आहे.

न्यू जर्सी राज्यात त्यांनी १८४५ साली निवेदन दिले आणि १८४८ साली ट्रेंटन येथील रुग्णालय उघडले. अगदी पायापासून त्यांच्या खटपटीने उभे राहिलेले हे पहिले रुग्णालय. त्याला त्या आपले पहिले अपत्य मानीत. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण पुढे या गोष्टीत ते पुन्हा येणार आहे.

तीन वर्षांत त्यांनी दहा हजार मैलांचा प्रवास केला. १८ मोठे तुरुंग, ३०० जिल्हा तुरुंग आणि ५०० हून अधिक गरीबखाने त्यांनी पाहिले. आगगाडी थोड्याच ठिकाणी होती. घोडागाडी, होडी, चिखलाचे रस्ते, मधून मधून ताप, असा तो प्रवास. गाड्या मोडत म्हणून त्या हातोडा, खिळे, दोर असले सामान बरोबरच बाळगीत. खोकल्याने बेजार झालेली ही बाई, जिला डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती!

नॉर्थ कॅरोलिना राज्यातील प्रसंग हृदयाला भिडणारा आहे. १८४८ साली तेथील विधिमंडळ पैसा देण्यास राजी नव्हते. बाई ज्या हॉटेलात उतरल्या होत्या तेथेच जेम्स डॉबिन या आमदाराची पत्नी लुइझा आजारी पडली. बाईंनी तिची शुश्रूषा केली. मरणाच्या दारी असताना लुइझाने नवऱ्याजवळ एकच मागणे मागितले: या बाईच्या कामाला मदत करा. पत्नीला मूठमाती देऊन डॉबिन सभागृहात परतले आणि असे बोलले की विरोध विरून गेला. रॅले शहरी १८५६ साली ते रुग्णालय उघडले.

मोठा पराभव

एकेका राज्याचे दार ठोठावण्यापेक्षा सबंध देशासाठी कायमची तरतूद व्हावी, असे आता बाईंच्या मनाने घेतले. सरकारच्या मालकीची पडीक जमीन विकून येणाऱ्या पैशातून मनोरुग्णांची सोय करावी, अशी योजना त्यांनी १८४८ साली राष्ट्रीय कायदेमंडळापुढे मांडली. सहा वर्षे त्या वॉशिंग्टनला खेटे घालीत राहिल्या. अखेर १८५४ साली सव्वा कोटी एकरांच्या आसपास जमीन देणारे विधेयक दोन्ही सभागृहांनी संमत केले. त्यातील एक कोटी एकर मनोरुग्णांसाठी होती आणि बाकीची अंध व मूकबधिरांसाठी. फक्त राष्ट्राध्यक्षांची सही व्हायची राहिली.

राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन पिअर्स यांनी सही नाकारली. गोरगरिबांची काळजी वाहणे हे राज्यांचे काम, ते राष्ट्रीय सरकारने अंगावर घेऊ नये, असे त्यांनी कारण दिले. सहा वर्षांचे श्रम एका दिवसात वाया गेले. डिक्सबाई मनाने आणि शरीराने खचल्या. पण त्यांच्याच खटपटीने वॉशिंग्टन येथे एक सरकारी मनोरुग्णालय मात्र १८५५ साली सुरू झाले.

विश्रांतीसाठी त्या पुन्हा युरोपात गेल्या. मात्र विश्रांती त्यांच्या नशिबी नव्हती, किंवा त्यांना ती घेताच येत नव्हती. स्कॉटलंडमध्ये खासगी वेड्यांच्या घरांची दुर्दशा त्यांनी पाहिली. हा बोभाटा होऊ नये म्हणून तेथील अधिकारी हालचाल करीत आहेत असे कळताच त्या रात्रीच्या गाडीने लंडनला गेल्या आणि गृहमंत्र्यांना भेटल्या. चौकशी मंडळ नेमले गेले, आणि १८५७ साली स्कॉटलंडसाठी नवा कायदा झाला. रोममध्ये त्यांनी नववे पायस या पोपसाहेबांची भेट घेऊन तेथील रुग्णालयाची हकीकत सांगितली.

त्यांच्या उणिवा

थोरांची चरित्रे लिहिताना त्यांच्या उणिवा झाकण्याचा मोह होतो. तसे करणे डिक्सबाईंनाही आवडले नसते, कारण झाकलेले उघडे करणे हेच त्यांचे काम होते. कॅथॉलिक लोकांविषयी त्यांच्या मनात आकस होता. दक्षिणेकडील राज्यांत त्या वर्षानुवर्षे फिरल्या, साखळीने बांधलेला मनोरुग्ण त्यांना दिसला. पण साखळीने बांधलेल्या गुलामासाठी त्यांनी आवाज उठविला नाही. आपले काम बिघडेल म्हणून त्या गप्प राहिल्या असे म्हणतात. ते कारण खरे असले तरी पुरेसे नाही.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेव्हा त्यांना लष्करी परिचारिकांच्या प्रमुख नेमण्यात आले. पगार त्यांनी घेतला नाही. शत्रुपक्षाच्या जखमींचीही सारखीच सेवा व्हावी याकडे त्यांचे लक्ष असे. पण त्या मनमिळाऊ नव्हत्या. परिचारिका पोक्त वयाच्याच हव्यात, साध्या पोशाखाच्याच हव्यात, असले त्यांचे नियम होते, आणि लष्करी डॉक्टरांशी त्यांचे सतत खटके उडत. १८६३ साली त्यांचे अधिकार पुष्कळ कमी करण्यात आले. या कामाविषयी त्यांना स्वतःलाही समाधान नव्हते.

युद्धानंतर त्या पुन्हा आपल्या रुग्णालयांकडे वळल्या. पण दृश्य बदलले होते. ज्या इमारती मोकळ्या आणि हवेशीर म्हणून बांधल्या होत्या त्यांत आजाऱ्यांची खेचाखेच झाली होती. डॉक्टर थोडे, पैसा थोडा. म्हातारपणी हे पाहून त्या कष्टी होत.

१८८१ साली थकलेल्या डिक्सबाई ट्रेंटनच्या रुग्णालयात राहावयास आल्या. ज्यांनी एवढी घरे उभारली त्यांना स्वतःचे घर नव्हते. रुग्णालयाने त्यांना दोन खोल्या दिल्या. तेथेच १७ जुलै १८८७ रोजी त्यांनी देह ठेवला. त्यांच्या हातून उभारली गेलेली किंवा वाढविली गेलेली रुग्णालये ३२ होती असे सांगतात. केंब्रिज येथील माउंट ऑबर्न दफनभूमीत त्यांची साधी कबर आहे.

पुढे काय झाले

येथे ही हकीकत संपवता आली असती तर बरे झाले असते. पण ती अपुरी राहिली असती.

बाईंच्या पश्चात विसाव्या शतकाच्या आरंभी त्याच ट्रेंटन रुग्णालयात हेन्री कॉटन नावाचे डॉक्टर प्रमुख झाले. शरीरात कोठेतरी पू साचला म्हणून मन बिघडते अशी त्यांची पक्की समजूत होती. त्यापायी त्यांनी शेकडो रुग्णांचे दात उपटले, आतडी कापली. त्यांत कितीतरी जण दगावले. डिक्सबाईंच्या पहिल्या अपत्याची ही गत झाली. इमारत बांधली म्हणजे काम झाले असे नसते. आत काय चालले आहे हे पाहणारा डोळा नसेल, तर रुग्णालयाचाही तुरुंग होतो.

१९५५ साली अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक माणसे होती. मग नवी औषधे आली, या जागांची दुर्दशा लोकांपुढे आली, आणि रुग्णांना घरी पाठवून गावातल्या केंद्रांतून उपचार द्यावेत असे १९६३ साली ठरले. रुग्णालये रिकामी झाली, पण ठरलेल्या केंद्रांपैकी पुष्कळ उभीच राहिली नाहीत. आजारी माणसे रस्त्यावर आली, आणि रस्त्यावरून, जुन्याच वाटेने, पोलिसांच्या हाती. आज लॉस एंजेलिस आणि शिकागो येथील तुरुंगांत इतके मनोरुग्ण असतात की तेच त्या देशातले सर्वांत मोठे मनोरुग्णालय म्हटले जातात. ईस्ट केंब्रिजचा रविवार पुन्हा उजाडला.

म्हणून आता तेथे दुसरा एक प्रयत्न चालू आहे. ऑरेगन राज्यातील युजीन शहरात १९८९ साली एका दवाखान्याने अशी सोय केली की कोणाचे मन बिघडल्याचा निरोप आला तर पोलिसांऐवजी एक परिचारिका किंवा प्रथमोपचार जाणणारा मनुष्य आणि एक समुपदेशक गाडी घेऊन जाई. त्यांच्याजवळ शस्त्र नसे. पाणी, पांघरूण आणि धीराचे दोन शब्द असत. फार थोड्या वेळा त्यांना पोलिसांची मदत मागावी लागे. पैशाअभावी युजीनमधले हे काम एप्रिल २०२५ मध्ये थांबले. पण तोवर त्याचा कित्ता इतरांनी गिरविला होता. डेन्व्हर शहराने २०२० साली अशीच गाडी सुरू केली, आणि २०२२ पासून ९८८ या क्रमांकावर सबंध अमेरिकेत मनाच्या संकटात मदत मागता येते.

आपल्या दारी

आपल्या देशातही ही गोष्ट परकी नाही. १९१२ च्या इंग्रजी अमदानीतील कायद्याने रस्त्यात भटकणाऱ्या मनोरुग्णाला पकडण्याचे काम पोलिसांकडे दिले होते. पुढे कित्येक निरपराध आजारी माणसे तुरुंगात वर्षानुवर्षे पडून राहिली. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला, आणि १९९३ साली न्यायालयाने निकाल दिला की गुन्हा न केलेल्या मनोरुग्णाला तुरुंगात ठेवणे घटनेविरुद्ध आहे. येथेही एक बाईच तुरुंगाच्या दाराशी उभी होती, हे ध्यानात घ्यावे.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आणखी पुढचे पाऊल टाकले. भटकणारा आजारी पोलिसांना आढळला तर त्यांनी त्याला लवकरात लवकर, चोवीस तासांच्या आत, जवळच्या सरकारी आरोग्यसंस्थेत पोहोचवावे. कोणत्याही कारणाने त्याला कोठडीत ठेवू नये, असे त्यात सांगितले आहे. म्हणजे शिपायानेही आजाऱ्याचा वाटाड्या व्हावे, पहारेकरी होऊ नये. धारवाड, ग्वाल्हेर, इंदूर, वडोदरा, हैदराबाद आणि गोव्यातील बांबोळी येथे सरकारी मनोरुग्णालये आहेत. आपल्या मंडळ्यांपैकी बहुतेकांना त्यांपैकी एखादे फार दूर नाही. शिवाय ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू आहे. तेथे समुपदेशक फोनवर बोलतात व पुढे कोठे जावे ते सांगतात.

कोणाच्या हाती शस्त्र असेल, जिवाला धोका असेल, तर पोलिसांना बोलवावेच लागते. त्यात पोलिसांचा किंवा बोलावणाऱ्याचा दोष नाही. परंतु घाबरलेल्या, निजेला मुकलेल्या, स्वतःशीच बोलणाऱ्या प्रत्येक माणसासाठी पोलिस चौकी गाठणे म्हणजे तुरुंगाधिकाऱ्याच्या हाती पुन्हा तेच भलते काम देणे होय.

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात आजारी आणि बंदिशाळेतला हे एकाच श्वासात सांगितले आहेत. डिक्सबाईंना ते दोघे एकाच कोठडीत, एकाच देहात सापडले. आपल्या मंडळीत असे घर कोणते, हे पाळकांना आणि महिला मंडळाच्या भगिनींना बहुधा ठाऊक असते. लाजेने त्या घरचे दार बंद असते, आणि आपणही भीतीने ते ठोठावीत नाही. त्या घरी जाऊन बसावे. घरच्यांना डॉक्टरांकडे जाण्यास सोबत करावी. तो पाच आकड्यांचा क्रमांक उपासनामंदिराच्या सूचनाफलकावर ठळक लिहून ठेवावा, म्हणजे ऐन रात्री शोधावा लागणार नाही.

एवढ्याने काय होणार, असे वाटेल. पण डिक्सबाईंनी त्या रविवारी थंड कोठडीत उभे राहून विधिमंडळ मागितले नाही, की एक कोटी एकर जमीन मागितली नाही. त्यांनी पहिल्याने मागितली ती एक शेगडी.